1972 ची डॅटसन 240झेड घ्यावी का? आधी पत्रा, मग इंजिन

प्रश्न असा आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला राहणाऱ्या एका गृहस्थांना सॅक्रामेंटोजवळ 1972 ची डॅटसन 240झेड, ही जुनी जपानी स्पोर्ट्स कार, विकाऊ दिसली आहे. विकणारा दुसरा मालक. मीटरवर 78,000 मैल. रंग नारिंगी, 1990 च्या सुमारास त्याच रंगात पुन्हा मारलेला. डॅशबोर्डला तडा नाही, सीट नवीन मढवलेल्या, खालून 'नुकतंच अंडरकोटिंग करून घेतलंय'. मागणी 38,500 डॉलर. जाहिरातीत शब्द आहेत 'उत्तम जपलेली'. त्यांनी विचारलंय, किंमत बरोबर आहे का, बघायला जाताना काय काय बघू, आणि घेतली तर ऑफिसला नेता येईल का.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात काळे करत शिकलो आणि गेली चोवीस वर्षं सॅन होजेत जुन्या जपानी गाड्यांचं गॅरेज चालवतो. इथे सगळे तिला 'टू-फोर्टी-झी' म्हणतात. मी झेडच म्हणणार.

तुमच्या सगळ्या माहितीत मला एकच गोष्ट खटकली, ती म्हणजे 'नुकतंच अंडरकोटिंग'. गाडी विकायच्या दोन महिने आधी कोणी पोटाखाली काळा थर का मारेल? कधी कधी उत्तर साधं असतं, माणसाला वाटतं स्वच्छ दिसेल. पण मी हा थर खरवडून खाली जे पाहिलंय, त्यानंतर माझा विश्वास बसत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडून चंदेरी 240झेड फोटो बघून मागवली. गाडी ट्रेलरवरून उतरली तेव्हा आरशासारखी चमकत होती. ऑइल बदलायला म्हणून मी जॅक लावला, दोन दांडे मारले, आणि गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच आत जायला लागला. कर्र असा आवाज आला, पापड मोडावा तसा. थर खरवडला तर फ्रेम रेलच्या, म्हणजे गाडीला पोटाखालून तोलणाऱ्या पोकळ लोखंडी पट्ट्यांच्या जागी छपराला लावतात तसली ॲल्युमिनियमची पट्टी, पॉप रिव्हेटनी ठोकलेली, वरून डांबर. त्या माणसाने गाडीला जेवढे मोजले होते, जवळजवळ तेवढेच नंतर पत्र्याच्या कामाला मोजले.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. या गाडीत तुम्ही पत्रा विकत घेता, बाकी सगळं त्यावर फुकट येतं असं समजा. तिचं इंजिन, एल24, 2,393 सीसीचं सहा सिलिंडरचं, बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड, हे त्या काळातल्या सगळ्यात दणकट इंजिनांपैकी एक. ते बिघडलं तरी काय लागेल ते आधी सांगता येतं. गंजाचं तसं नाही. एक भोक उघडलं की शेजारी तीन सापडतात.

गंज कुठे धरतो ते क्रमाने सांगतो, कारण पाण्याचा रस्ता ठरलेला आहे. बोनेट उघडा. अमेरिकन गाडीत बॅटरी उजव्या हाताला, मागे फायरवॉलला टेकून बसते. जुन्या बॅटरीचं ॲसिड सांडून आधी ट्रे खातं, मग ओघळत खालच्या रेलवर उतरतं. ट्रे नवा कोरा दिसला तर घाबरू नका, पण त्याच्या बरोबर खाली टॉर्च मारा. तिथे ओघळाचा डाग किंवा फुगलेला रंग असेल तर कोणीतरी फक्त वरचं झाकलंय.

मग वायपरखालची जाळी. तिथे पडणारी पानं आणि माती पाण्याच्या निचऱ्यात अडकतात. पाणी पुढच्या मडगार्डच्या आत उतरून दाराच्या पुढच्या बाजूला साचतं आणि आतून बाहेर खात येतं. मडगार्डचा मागचा खालचा कोपरा, त्याला लागून असलेला दाराखालचा उंबरठा आणि मागच्या चाकाच्या पुढचा तो लहान त्रिकोणी भाग, या तीन ठिकाणी लोहचुंबक घेऊन बसा. चुंबकाला पातळ कापड गुंडाळा, नाहीतर रंगाला ओरखडा पडून विकणारा आणि तुम्ही दोघेही वैतागाल. चांगल्या पत्र्यावर तो टपकन चिकटतो. जिथे लांबी (पुट्टी) भरलेली असते तिथे नुसता घसरतो. ज्यांचं बोट एकदा लांबीवरून फिरलंय त्यांना चुंबकही लागत नाही. पेनाने हलकेच ठोकलं तर पत्रा टणटण बोलतो आणि लांबी ठप्प.

आता पोटाखाली. पुढच्या दोन्ही रेल इंजिनपासून मागे येतात आणि सीटखाली, फरशीच्या साधारण मध्यावर संपतात. 240 मध्ये त्या आखूडच आहेत. मागून आलेल्या 280झेडमध्ये लांबवल्या. त्यामुळे 'रेल अर्धवट कापलीय' असं वाटून दचकू नका. बघायचं ते वेगळं. रेलचा चौकोन सरळ आहे की जॅक लावून लावून चेपलाय. चेपलेल्या घडीत पाणी थांबतं. आणि मूळ स्पॉट वेल्डच्या गोल खुणा दिसतात का. कारखान्याने ठरावीक अंतरावर मारलेले ते छोटे खळगे असतात, पोळीवर काट्याने टोचावं तसे. ते गायब असतील आणि त्याजागी सलग वेल्डची वात असेल, तर फरशी किंवा रेल बदललेली आहे. बदललेली असणं हा गुन्हा नाही. चांगलं काम केलेलं असेल तर उलट बरं. पण मग त्याचे फोटो आणि बिल मागा. काळ्या थराने हे सगळं झाकलं असेल, तर विकणाऱ्याला विचारा, 'एक वीतभर जागा खरवडून दाखवाल का?' प्रामाणिक माणूस थोडं कुरकुरेल आणि हो म्हणेल. नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर समजा.

डिकीकडे शेवटी या. आतली प्लास्टिकची पट्टी काढली की दिव्यांच्या मागचा पत्रा दिसतो. सुट्या चाकाच्या खड्ड्यात हात घाला, ओल लागतेय का बघा. डिकीचं रबर आणि दिव्यांची गॅस्केट कुजली की दोन गोष्टी होतात. पाणी आत येतं आणि चालत्या गाडीत सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. 240झेडच्या मालकांच्या शर्टाला येणारा तो वास सगळ्या जगात सारखा आहे. वास आला म्हणून गाडी सोडू नका, रबर बदललं की जातो. पेट्रोलचा कच्चा वास मात्र वेगळा. तो मागच्या पॅनलच्या आतल्या टाकीच्या हवेच्या नळ्यांमधून येतो आणि त्या पन्नास वर्षांच्या असतील तर सगळ्या बदलायच्याच. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही.

इंजिन मी थोडक्यात आटोपतो. एकच अट घाला, तुम्ही पोचाल तेव्हा ते थंड पाहिजे. हात लावून बघा. चोकचा दांडा गिअरजवळ आहे, तो ओढून सुरू करायला लावा. चालू झाल्यावर वरून टिकटिक ऐकू येणारच, शिवणयंत्रासारखी. ती ऐकून लोक घाबरतात आणि मला आनंद होतो. व्हॉल्व्हचं अंतर थंडीत इनलेटला 0.20 आणि एक्झॉस्टला 0.25 मिलिमीटर ठेवायचं असतं. बरोबर लावलेलं इंजिन थोडं बोलतं. अजिबात न बोलणारं एल24 म्हणजे बहुतेक वेळा टॅपेट घट्ट, म्हणजे हे अंतर कमी, आणि घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह जळतात. उतारावर पाय काढून पुन्हा दाबला की मागे निळसर धूर निघतो का ते आरशात बघा. निघाला तर व्हॉल्व्हची सीलं गेली. तेवढं चालतं, पण भावात बसवा. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, प्रत्येक सिलिंडरचं मोजून घ्या. आकड्यापेक्षा सहा आकड्यांमधला फरक महत्त्वाचा.

कार्बोरेटरच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. 1972 च्या गाडीवर हिताचीचे गोल डोक्याचे दोन कार्बोरेटर असतात, ब्रिटिश एसयू कंपनीच्या कार्बोरेटरच्या धर्तीवरचे. 1973 मध्ये प्रदूषणाच्या नियमांसाठी चपट्या डोक्याचे बसवले आणि ते गरमीत इतके त्रास देतात की त्या वर्षीचे मालक तुमच्यासारख्यांचे कार्बोरेटर शोधत फिरतात. तुमच्या गाडीवर चपटे दिसले तर कोणीतरी अदलाबदल केलीय. कुठे गेले ते विचारा.

नंबर जुळवणं विसरू नका. इंजिनच्या बाजूला एक पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. चेसिस नंबर फायरवॉलवर ठोकलेला असतो आणि डॅशबोर्डवरच्या पट्टीवरही. डाव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी म्हणजे सुरुवात एचएलएस30 ने. इंजिनचा नंबर ब्लॉकवर प्लगच्या बाजूला, मागच्या सिलिंडरजवळ, हेडच्या जरा खाली. तिथे तेल-माती साचलेली असते, एक चिंधी आणि थोडं रॉकेल घेऊन जा. दाराच्या चौकटीवर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लिहिलेलं असतं. तो महिना 1971 चा निघाला तर फसवणूक समजू नका, अमेरिकेत मॉडेलचं वर्ष आधीच सुरू होतं.

78,000 मैलांवर फार विसंबू नका. या मीटरला पूर्ण मैलांचे पाचच आकडे आहेत, लाख झाले की पुन्हा शून्य. 78 की 178, ते कागद सांगतील. जुन्या सर्व्हिसच्या पावत्या नसतील तर क्लचच्या पेडलचं रबर बघा, ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी उचलून बघा. दार उचलल्यावर अर्धा इंच हललं तर ते 78 नव्हे.

चालवताना गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाका. खरखर आली तर सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग जुळवणारी कडी, झिजलाय, जवळजवळ सगळ्यांचाच झिजतो. क्लच सोडताना मागून 'ठक्क' आलं तर डिफरन्शिअलचं माउंट, त्याच्या मागच्या मिशीसारख्या आडव्या पट्टीचे बुश किंवा चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे क्रॉस गेलेत. स्वस्त कामं आहेत. महाग निघू शकतं ते एक सांगतो. मागच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्ममधून एक लांब पिन जाते. पन्नास वर्षांत ती बुशच्या आत अशी गंजून बसते की पन्नास टनाच्या प्रेसलाही दाद देत नाही. एकदा एका पिनेवर मी आणि माझा मेक्सिकन सहकारी दीड दिवस बसलो. तापवली, थंड केली, ठोकली, शिव्या घातल्या. शेवटी कापली. बुश बदलल्याची पावती जर या मालकाकडे असेल तर मनातल्या मनात पाचशे डॉलर त्याला जास्त द्या.

डॅशबोर्डला तडा नाही, हे वाचून तुम्ही खूश झालात. कॅलिफोर्नियाच्या उन्हात उभ्या राहिलेल्या 240झेडचा मूळ डॅशबोर्ड फुटलेलाच असतो, दहापैकी नऊ. म्हणून नख लावून कडा तपासा. वरून प्लास्टिकची टोपी बसवलेली असते आणि फोटोत ती अगदी मूळ वाटते. टोपी असली तर वाईट नाही, पण 'तडा नाही' असं लिहायचं नाही. हीच परीक्षा विकणाऱ्याची पण होऊन जाईल.

आता किंमत. जानेवारी 2020 मध्ये एका ऑनलाइन लिलावात 1971 ची, अगदी कमी चाललेली 240झेड 3,10,000 डॉलरला गेली. तेव्हापासून इकडच्या प्रत्येक गॅरेजात धूळ खात पडलेल्या झेडच्या मालकाला तो आकडा तोंडपाठ आहे. तो आकडा विसरा. ती गाडी सुरुवातीच्या मालिकेतली होती, डिकीच्या झाकणावरच हवेच्या जाळ्या असलेली. तुमच्या 1972 च्या गाडीवर त्या जाळ्या मागच्या खांबावर, गोल 'झेड' बिल्ल्यात आहेत. ही गाडी दुर्मीळही नाही. अमेरिकेत 240झेड दीड लाखाच्या घरात विकल्या गेल्या. 3,526 डॉलरला मिळायची, म्हणून शिक्षक, नर्स, नुकते नोकरीला लागलेले इंजिनिअर यांनी घेतल्या, पावसात चालवल्या, बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठात चालवल्या आणि कुजवल्या. दुर्मीळ आहे तो कोरडा पत्रा. 1990 च्या दशकात डॅटसनची मूळ कंपनी निसाननेच जुन्या झेड गोळा करून, नव्यासारख्या करून सुमारे पंचवीस हजार डॉलरला विकायचा उपक्रम काढला होता. कारखाना, सुटे भाग, नाव सगळं हाताशी असून चाळीसेक गाड्यांवर तो आटोपला, कारण एकेका गाडीत घालावी लागणारी मेहनत परवडेना. निसानला परवडलं नाही ते तुम्हाला-मला परवडेल, असं समजून कोणी गंजकी गाडी घेऊ नये.

त्यामुळे 38,500 हा आकडा थर खरवडल्याशिवाय बरोबर की चूक ते ठरत नाही. खाली मूळ पत्रा निघाला, नंबर जुळले, पावत्या निघाल्या, तर मी घासाघीस दोन हजारांची करीन आणि घेऊन येईन. रेल ठिगळाच्या असतील तर 20,000 ला सुद्धा मी हात लावणार नाही. आणि मधली स्थिती असेल, म्हणजे फरशीला एखादं प्रामाणिक ठिगळ आणि बाकी स्वच्छ, तर 30,000 च्या खाली बोलायला सुरुवात करा. नव्या फरशा आणि रेल बाजारात तयार मिळतात, पैसे त्या बसवणाऱ्याच्या तासांचे लागतात.

माझा कल सांगतो, पटला नाही तर सोडून द्या. रंग जुना, फिका, चार ठिकाणी खरचटलेला पण कारखान्याचा असलेली गाडी मला नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त भावते. 'जपलेली' आणि 'सजवलेली' यांत लोक गल्लत करतात. जपलेल्या गाडीत ग्लोव्ह बॉक्सच्या आत, दाराच्या कडेला, डॅशबोर्डखाली तोच नारिंगी रंग त्याच पोताचा दिसतो. काढून ठेवलेला जुना रेडिओ, मूळ चाकांच्या टोप्या, कुठेतरी खोक्यात जपलेलं मॅन्युअल असतं. 'काढलेला माल ठेवलाय का?' हा प्रश्न अवश्य विचारा. ज्याने तो ठेवलाय, त्याने गाडीही ठेवलेली असते.

भारतातल्या नातेवाइकांना सांगाल की डॅटसन घेतोय, तर त्यांना 2014 ची गो आठवेल आणि ते म्हणतील एवढे पैसे कशाला? त्यांना शेखर मेहतांचं नाव सांगा. युगांडात वाढलेल्या या भारतीय वंशाच्या माणसाने 1973 ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली याच 240झेडमध्ये जिंकली. त्याआधी 1971 ची सफारीही हिनेच जिंकली होती. चिखल, खड्डे, वाळू, हजारो किलोमीटर. तुमच्या गाडीची चौकट तीच आहे. फक्त मेहतांच्या गाडीचा पत्रा तेव्हा नवा होता.

ऑफिसला नेण्याचं म्हणाल, तर सकाळी आठ वाजता 880 हायवेवर ही गाडी घेऊन मी तरी जाणार नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम, एअरबॅग नाही, बंपर म्हणजे दागिना. शिवाय समोरचा ट्रक ब्रेक मारताना तुमच्या खिडकीच्या उंचीवर त्याचं चाक असतं. रविवारी सकाळी हाफ मून बेकडे जायला मात्र हिच्यासारखी दुसरी नाही. एक टनाच्या आसपास वजन, लांब बोनेट आणि मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनंतर इंजिनचा जो आवाज बदलतो तो लिहून सांगता येत नाही. स्मॉगची, म्हणजे धुराच्या तपासणीची, कटकटही नाही, कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना ती तपासणी नाही. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, नेहमीच्या पॉलिसीत ही गाडी गेली तर पन्नास वर्षांच्या भंगाराचे पैसे हातात ठेवतील. पिंक स्लिपवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, विकणाऱ्याचंच नाव आहे ना, हे पैसे काढायच्या आधी बघा.

आज रात्रीच त्याला फोन करा आणि शनिवारी गाडी सुरू करू नका म्हणून सांगा. तो म्हणेल, 'मी गरम करून ठेवतो, तुमचा वेळ वाचेल.' नको म्हणा. चुंबक, टॉर्च, चिंधी आणि एक जुनी चादर बरोबर घ्या. गाडीखाली झोपावं लागणार आहे.